नातेवाईक गावाला गेले होते

३ मार्च

ताई,

वर काय लिहायचं यातच दोन कागद फुकट गेले. ‘तीर्थरूप’ लिहिलं तर तू हसशील, ‘सौ.’ लिहिलं तर चिडशील, आणि ‘प्रिय’ आपण एकमेकींना जन्मात कधी म्हटलं नाही. म्हणून नुसतं ताई.

पत्ता मामाकडून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस, तो देतच नव्हता. ‘तिनं बजावलंय,’ म्हणाला. मी म्हटलं, मामा, कामाचं आहे, संस्थेचं आहे, माझं स्वतःचं काही नाही. तेव्हा कुठे दिला. तू काचेच्या दुकानात आहेस आणि काच स्वतः कापतेस, हेही त्यानंच सांगितलं. गिऱ्हाईक म्हणे तुझ्याच हातची मागतं. मला नवल नाही वाटलं. तू वहीचं पान फाडायचीस तेसुद्धा पट्टी लावल्यासारखं सरळ.

मी आठ वर्षांपूर्वी एका निवारा केंद्रात नोकरीला लागले, हे तुझ्या कानावर आलं असेल-नसेल. घर सोडून आलेल्या बायकांना तिथे राहायला जागा मिळते. खाली धुलाईघर आहे, चार मोठी यंत्रं. दवाखान्यांच्या चादरी येतात, आमच्या बायका धुतात, इस्त्री करतात, त्याचा पगार त्यांना मिळतो. वरच्या मजल्यावर बारा खाटा. त्याच्या वर नुसत्या विटांच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. त्या भिंतींमध्ये आम्ही कपडे वाळत घालतो. बारा खाटांवर कधी कधी एकोणीस जणी असतात आणि त्यांची मुलं वेगळी.

मी नोंदवहीवर बसते आणि अनुदानाचे प्रस्ताव लिहिते. लिहायला बसवलं ते माझं अक्षर बरं म्हणून, आणि मग तेच गळ्यात पडलं. तर या वर्षी एका मोठ्या न्यासाकडून तो वरचा मजला बांधायला पैसे मिळतील असं दिसतंय. आठ खाटा आणि मुलांना एक खोली.

त्या प्रस्तावात एका बाईची हकीकत जोडायची असते. नाव बदलून, गाव न सांगता. मला तुझी आठवण झाली. चार ओळींचं आहे, कोणी ओळखणारसुद्धा नाही. सोबत एक संमतीपत्र पाठवते आहे. खाली फुली केली आहे तिथे सही करून पाठव, बस. पाकिटावर तिकीट लावलंय.

तुझी ठकी आता सोळा वर्षांची झाली असेल. तिला माझा आशीर्वाद सांग, सांगावासा वाटला तर.

तुझी,
बेबी

(त्रेचाळीस वर्षांची बाई ‘बेबी’ म्हणून सही करते. पण तुला दुसरं कोणतं नाव लिहू?)


१६ मार्च

ताई,

तुझं पाकीट मिळालं. आधी आनंद झाला, मग उघडलं. सही नाही, आणि मागे पेन्सिलीनं एक ओळ: ‘काय लिहिलंयस ते आधी पाठव.’

रास्त आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

खरं म्हणजे, ताई, मी तुला ‘जोडायची असते’ असं लिहिलं. ती जोडून झाली आहे. प्रस्ताव जानेवारीतच गेला. न्यासानं पहिल्या चाळणीत तो निवडलाही. संमतीपत्र नंतर घेतलं तरी चालतं असं मी धरून चालले, आमच्याकडे सगळेच तसं करतात. तुला आधी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. हे वाक्य मी आत्ता लिहिलं आणि त्याच्याकडे बघत बसले आहे.

पण ऐक. तीन वर्षं आम्ही याच न्यासाच्या दारात नाक मुठीत धरून उभे आहोत. दर वर्षी मी आकडे लिहायची: किती बायका आल्या, किती मुलं शाळेत गेली, किती चादरी धुतल्या. दर वर्षी एकच उत्तर, ‘काम स्तुत्य आहे, परंतु परिणाम स्पष्ट होत नाही.’ आमच्या संचालकबाई, त्यांना आम्ही सगळ्या मोठ्या बाई म्हणतो, त्या या वेळी चिडून म्हणाल्या, ‘आकडे बास. एक बाई उभी कर त्यांच्यापुढे. वाचताना घशात आवंढा यायला हवा.’

केंद्रातल्या कितीतरी जणींच्या हकीकती माझ्या वहीत आहेत. पण लिहायला बसले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तूच आलीस. एका बैठकीत दोन पानं झाली. मोठ्या बाई वाचून म्हणाल्या, ‘ही कुठली गं? मला कशी आठवत नाही?’ मी म्हटलं, जुनी आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, ‘बरं. जुनी.’

ती पानं सोबत उतरवून पाठवते. झेरॉक्सचं यंत्र बंद आहे, म्हणून हातानं लिहिलंय. वाईट असं काही नाही त्यात. उलट तू खूप धीराची दिसतेस.

बेबी


३० मार्च

ताई,

झेरॉक्सचं यंत्र चालू आहे. तेव्हाही चालू होतं.

तुझी चिठ्ठी आली. ‘घरातून निघाले ती थेट तुमच्या केंद्रात? मधे कुठेच गेले नाही?’ तू पहिल्यापासून अशीच. दहा ओळींत एक ओळ गाळली तर तुझं बोट बरोबर त्याच जागी.

मी उतरवताना एक वाक्य सोडलं होतं. आता खऱ्या पानांची प्रत पाठवते आहे, शिक्क्यासकट. ते वाक्य तू शोधणारच, म्हणून मीच लिहिते: ‘सदर महिला आपल्या सात वर्षांच्या मुलीसह धाकट्या बहिणीच्या घरी गेली, परंतु दुर्दैवाने सर्व नातेवाईक गावाला गेले होते.’ आणि पुढे, ‘त्याच सायंकाळी केंद्राने तिला आधार दिला.’

‘दुर्दैवाने’ हा शब्दसुद्धा माझाच.

यावर मी काही बोलत नाही. बोलायला लागले तर पुन्हा सारवासारव होईल. पण एक मागायचंय, आणि ते मागताना माझी मान खाली आहे हे तुला दिसत नाही म्हणूनच मागता येतंय. न्यासाची दोन माणसं चोवीस एप्रिलला पाहणीला येणार आहेत. त्यांच्या पत्रात लिहिलंय, ‘प्रस्तावातील महिलेशी भेट व्हावी.’ मोठ्या बाई म्हणाल्या, ‘मग बोलव की तिला. जुनी असली म्हणून काय झालं, येणार नाही का केंद्रासाठी?’

येशील का? फक्त एक तास. जाण्या-येण्याचं मी बघते. तू काही बोलायची गरज नाही, नुसती बसलीस तरी चालेल. प्रश्न मी माझ्याकडे घेईन. इथे एक बाई दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन जिन्याखाली झोपते आहे, ताई. तिच्यासाठी म्हणून ये. माझ्यासाठी येऊ नकोस.

आता हे वाचून मला माझाच संताप आला. त्या बाईचं बाळ मी पुढे केलं. पण ती आहे, जिन्याखाली, खोटं नाही. तिथे पत्र्याची पेटी आडवी ठेवून तिनं पडदा केलाय. त्यामुळे ओळ खोडत नाही.

बेबी


११ एप्रिल

ताई,

‘येईन. विचारलं तर खरं सांगेन. तुमच्या केंद्राची पायरी मी कधी चढले नाही, आणि तुम्ही कोणी गावाला गेला नव्हतात.’

तुझ्या या तीन वाक्यांना उत्तर द्यायला आठवडा लागला. उत्तर असं की येऊ नकोस. मी तुला बोलावलं आणि आता मीच नको म्हणते आहे. दुसऱ्यांदा.

मोठ्या बाईंना मी खोटंच सांगितलं: ती आजारी आहे, येऊ शकत नाही. त्या म्हणाल्या, ‘हकीकत खरी आहे ना? मग बाई कुठलीही चालेल. नाव तर बदललेलंच आहे.’ आणि त्यांनी शिवणबाईला बोलावलं.

शिवणबाई म्हणजे आमच्या धुलाईघरात फाटक्या चादरींना ठिगळं लावते ती. पस्तिशीची असेल. दोन वर्षं झाली तिला इथे. हाताला चपळ आणि तोंडाला फटकळ. चार दिवस मी तिला तुझी गोष्ट पाठ करवते आहे. मशीनवर बसल्या बसल्या ती ऐकते, पाय चालूच.

काल तिनं मशीन थांबवलं. म्हणाली, ‘मॅडम, एक सांगा. बहिणीकडे गेली तर बहीण कुठे होती?’

‘गावाला.’

‘आणि नवरा तिचा?’

‘तोही.’

‘सासू-सासरे?’

‘सगळेच गेले होते.’

‘भर दुपारचं, आडवारी, सगळं खटलं गावाला.’ तिनं दोरा दातानं तोडला. ‘बरं बाई. तुम्ही म्हणता तर गावाला. शेजारीपाजारी कोणी होतं की तेपण गावाला?’

बाजूच्या दोघी हसल्या. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

ताई, नऊ वर्षांत ही गोष्ट मी कोणाजवळ बोलले नाही. यांच्याजवळही नाही. तुला माहीतच आहे ती, पण माझ्या तोंडून तू ऐकलेली नाहीस.

त्या दिवशी नणंदेच्या लग्नाची बोलणी होती. बैठकीत मुलाकडची आठ माणसं. मी स्वयंपाकघरात कपबशा पुसत होते. तू पुढच्या दारात चपलांचा ढीग बघितलास आणि मागच्या बोळात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी आलीस. तसल्या अवस्थेतही तुला माझी लाज सांभाळायची होती. तुझा डावा डोळा पूर्ण मिटलेला होता आणि ओठाला रक्त वाळलेलं. ठकीच्या पाठीवर शाळेचं दप्तर. तू म्हणालीस, ‘बेबी, आज मी परत जात नाही तिकडे.’ एवढंच. आत घे असंसुद्धा म्हणाली नाहीस. ते म्हणायची वेळ येईल असं तुला वाटलंच नसणार.

मी म्हटलं, ‘आज नको गं. माणसं आली आहेत. संध्याकाळी ये.’

ठकीनं पाणी मागितलं. मी गजांतून पेला दिला. ती गटागटा प्यायली आणि पेला परत दिला. मी तो घेतला. म्हणजे मी तिथे पेल्यासाठी थांबले होते, ताई. तुला थांब म्हणायला नव्हते थांबले. मग पडदा ओढला, कारण बैठकीतून कोणी पाणी घ्यायला आलं असतं तर दिसलं असतं.

संध्याकाळी मी तुझी खूप वाट बघितली, असं मी स्वतःला नऊ वर्षं सांगत आले. ते खरं नाही. संध्याकाळी तू आली नाहीस तेव्हा मला हायसं वाटलं. भाऊजींचा फोन आला, ‘तिकडे आली का,’ तेव्हा मी ‘नाही’ म्हटलं आणि मनात म्हटलं, बघ, मी तुला वाचवलं.

वर्षभरानं मी या केंद्रात लागले. लोक म्हणतात किती सेवाभाव आहे बाईंच्यात. मी मान डोलावते.

आता सगळं सांगितलं म्हणून मला मोकळं वाटेल अशी माझी कल्पना होती. तसं काही होत नाही. उद्या सकाळी मी पुन्हा शिवणबाईकडून ते वाक्य घोकून घेणार आहे.

बेबी


२५ एप्रिल

ताई,

काल पाहणी झाली. जे झालं ते सरळ सांगते.

न्यासाकडून दोघं आले. एक अधिकारी बाई, तिशीतल्या, हातात फाईल, पायऱ्या चढताना प्रत्येक भिंतीकडे बघणाऱ्या. दुसरे एक म्हातारे सदस्य, कानात यंत्र लावलेले. धुलाईघर दाखवलं, खाटा दाखवल्या, बिनछपराचा मजला दाखवला. म्हाताऱ्या गृहस्थांनी एक चादर हातात घेऊन ठिगळावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘सुरेख आहे हो काम.’ शिवणबाई लाजली. मला वाटलं, निभावलं.

मग वरच्या खोलीत बसलो. मोठ्या बाई, मी, ते दोघं, आणि मधल्या खुर्चीत शिवणबाई, इस्त्रीची साडी नेसून. तिनं सुरुवात अगदी पढवल्यासारखी केली. मार कसा खाल्ला, मुलीला घेऊन कशी निघाले. अधिकारी बाई लिहून घेत होत्या. खालून यंत्रांची घरघर येत होती. म्हाताऱ्यांनी हात कानामागे धरला.

‘बहिणीकडे गेले,’ शिवणबाई म्हणाली, ‘पण नातेवाईक गावाला गेले होते.’

‘काय झाले होते?’

‘गावाला गेले होते!’

‘कोण?’

‘नातेवाईक!’

‘जरा मोठ्यानं, बाई. यंत्राचा आवाज फार आहे.’

शिवणबाईनं श्वास घेतला. तिसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडलं, आणि मिटलं. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, ‘म्हण’ म्हणून. हे मी केलं, ताई. अगदी तेव्हासुद्धा.

‘मला नाही जमत ओ,’ ती म्हणाली. ‘हळू बोलायचं असतं तर बोलले असते. ओरडून ओरडून खोटं नाही बोलवत.’

अधिकारी बाईंचं पेन थांबलं. मोठ्या बाई म्हणाल्या, ‘ती घाबरली आहे, जरा पाणी—’

‘घाबरले नाही. ही माझी गोष्ट नाही. माझी सांगू?’ आणि कोणी हो म्हणायच्या आत ती सांगायला लागली. मोठ्यानं, स्वच्छ, म्हाताऱ्यांकडे तोंड करून. ‘मी इथे तीनदा आले. पहिल्यांदा आले तेव्हा सांगितलं, जागा नाही. गेले परत नवऱ्याकडे. दीड महिन्यानं पुन्हा आले, पुन्हा जागा नाही. त्या दिवशी मी दुपारभर खालच्या पायरीवर बसले होते, कुठे जायचं तेच कळेना. मग परत गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा हात मोडलेला होता, तेव्हा घेतलं. हे बघा, कोपर सरळ होत नाही. म्हणून मी शिवणावर. धुवायला जमत नाही.’

म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, ‘परत कोणी पाठवलं?’

‘ह्या मॅडमनी.’ तिनं माझ्याकडे बोट केलं नाही, नुसती हनुवटी हलवली. ‘त्यांना नाही आठवत. दिवसाला किती येतात. मला आठवतं. दुसऱ्यांदा त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, संध्याकाळी फोन करून बघा.’

मला खरंच आठवत नव्हतं. इतके दिवस तिच्या समोर बसून मी तिला दाराशी परत गेलेल्या बाईची गोष्ट शिकवत होते, आणि ती मान खाली घालून टाके घालत ऐकत होती.

मग मी बोलले. धीर आला म्हणून नाही; तिच्यापुढे गप्प बसणं बोलण्याहून कठीण झालं होतं. मी म्हटलं, प्रस्तावातली बाई माझी सख्खी बहीण आहे. ती या केंद्रात कधी आली नाही. आम्ही गावाला गेलो नव्हतो. मी घरात होते आणि मी तिला आत घेतलं नाही. तिची परवानगीही मी घेतलेली नाही, तिनं सही द्यायला नकार दिला आहे.

अधिकारी बाईंनी फाईल मिटली. मोठ्या बाई उठून खिडकीशी गेल्या. रागानं की कशानं, कळलं नाही. म्हाताऱ्यांनी कानातलं यंत्र काढलं, पुसलं, परत घातलं. जाताना जिन्यात मला म्हणाले, ‘बाई, तुमच्याकडे जागा नाही म्हणून बायका परत जातात. जागा मागायला याहून मोठं कारण काय हवं होतं? हे लिहायचं सोडून तुम्ही दुसऱ्याचं घर कशाला धुंडाळलंत?’

मी म्हटलं, ‘हे लिहिलं असतं तर परत पाठवणारी मी दिसले असते.’

त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही. ते पायरी बघत उतरले.

बेबी


१२ जून

ताई,

न्यासाचा निकाल आला. असत्य माहितीमुळे प्रस्ताव फेटाळला. सप्टेंबरात नव्यानं अर्ज करता येईल, मात्र तपासून घेऊ, असं खाली लिहिलंय. ती शेवटची ओळ त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी भांडून घालायला लावली असं मोठ्या बाईंना कळलं.

मोठ्या बाई माझ्याशी दहा दिवस बोलल्या नाहीत. मग एकदा खोलीत बोलावून म्हणाल्या, ‘मी पण त्यात आहे. मला कळलं होतं आणि मी न कळल्यासारखं केलं. पण तुला इथे लिहायला बसवता येणार नाही यापुढे.’ मी म्हटलं, बरोबर आहे. आता मी सकाळी धुलाईघरात घड्या घालते आणि दुपारी नोंदवहीवर बसते. घड्या घालताना बायका माझ्याशी पूर्वीसारख्या बोलत नाहीत. माझ्या टेबलाशी आल्या की त्यांचं बोलणं थांबतं. हे योग्यच आहे, पण दिवस मोठा वाटतो.

गेल्या मंगळवारी एक बाई जुळ्या मुलांना घेऊन आली. खाट नव्हती. जिन्याखालची जागासुद्धा नव्हती. मी पाच ठिकाणी फोन केले, सहाव्या ठिकाणी एक खाट मिळाली, पण तोवर ती उठून गेली होती. बाकावर मुलांची टोपडी राहिली. वरचा मजला मंजूर झाला असता तर निदान काम सुरू झालं असतं. ते झालं नाही ते माझ्यामुळे. हे मी तुझ्यापुढे रडायला म्हणून लिहीत नाही. खरं तेच लिहायचं ठरवलंय तर हेही त्यात आलं.

सप्टेंबरच्या अर्जासाठी शिवणबाई स्वतःची गोष्ट सांगणार आहे. मोठ्या बाईंनी तिला विचारलं, कोणाकडून लिहून घेऊ? ती म्हणाली, ‘ह्या मॅडमकडूनच. मी सांगेन, त्या लिहितील, नि मला वाचून दाखवतील.’ मला वाटलं ती माझी शिक्षा ठरवते आहे. नंतर वाटलं, नसेलही. माझं अक्षर बरं आहे, एवढंच असेल.

काल बसलो. ती मशीनवर, मी स्टुलावर. तिनं सांगितलं तसं मी लिहिलं, आणि वाचून दाखवलं. एका ठिकाणी तिनं हात वर केला.

‘परत वाचा.’

मी वाचलं: ‘जागेअभावी कर्मचारी महिलेने नाइलाजाने तिला परत पाठवले.’

‘नाइलाजाने काढा.’

‘खाटा खरंच भरलेल्या होत्या,’ मी म्हटलं.

‘भरलेल्याच होत्या. पण तुम्ही फोनवर बोलत होतात. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नाइलाज असा नसतो. काढा.’

मी काढलं. तिनं मान डोलावली आणि पाय पुन्हा मशीनवर ठेवला.

आता तुझ्याबद्दल. तुझी चिठ्ठी मिळून तीन आठवडे झाले. मला वाटलं होतं तू शिव्या देशील, किंवा माफ केलं म्हणशील. मी दोन्हीची तयारी करून पाकीट फोडलं. तू लिहिलंस, ‘पाच पत्रं लिहिलीस. आपलंच सांगितलंस सगळं. एकदाही विचारलं नाहीस की मग आम्ही कुठे गेलो.’

ती चिठ्ठी मी कपाटात ठेवली, बाहेर काढली, पुन्हा ठेवली. यांना दाखवली. यांनी वाचली आणि म्हणाले, ‘त्या दिवशी त्या आल्या होत्या?’ नऊ वर्षांनी यांना हे पहिल्यांदा कळलं. मग म्हणाले, ‘मला हाक मारायची होतीस.’ यांनी तुला आत घेतलं असतं, ताई. बहुतेक सासूबाईंनीही घेतलं असतं. मी कोणाला विचारलंच नव्हतं. सगळ्या घराच्या वतीनं मी एकटीनंच नाही म्हटलं होतं.

तू म्हणतेस ते खरं आहे. नऊ वर्षांत मी मामालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. म्हणून प्रस्तावात मी त्या जागी आमचं केंद्र बसवलं, गरम जेवण घातलं, ठकीला खाट दिली, आणि लिहिता लिहिता माझं मलाच ते पटलं.

आता विचारते. तू सांगितलंस तर मी ते कुठेही लिहिणार नाही, कोणापाशी बोलणार नाही. पत्रात नको असेल तर मी येते, तू म्हणशील त्या दिवशी, आणि तुझं सांगून झालं की परत फिरेन. मुळीच सांगायचं नसेल तर तोही तुझा हक्क आहे.

ताई, माझ्या खिडकीपासून निघाल्यावर तुम्ही दोघी कुठे गेलात?

बेबी